द्वारकाहून मालवणला, आणि तिथून वीस फूट खाली

मी राहतो द्वारकाला. नाशिककरांना एवढं पुरतं. बाहेरगावच्या माणसाला मात्र दर वेळी सांगावं लागतं, की बाबा, कृष्णाची ती द्वारका गुजरातमध्ये. आमची द्वारका म्हणजे मुंबई-आग्रा महामार्गाला पुणे रस्ता येऊन मिळतो तो चौक. ती द्वारका समुद्राने गिळली असं पुराणं सांगतात. आमची ट्रॅफिकने गिळली, हे मी रोज डोळ्यांनी बघतो.

पण आजची पोस्ट ट्रॅफिकवर नाही. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. डिसेंबरच्या सुट्टीत मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा स्कूबा डायव्हिंग केलं. समुद्राच्या तळाशी जेमतेम वीस मिनिटं होतो. परत आल्यापासून डोक्यात एकच विषय आहे, आणि तो मालवणचा कमी, आपल्या गोदावरीचा जास्त आहे.

झालं असं, की पुतणीने हट्ट धरला. "काका, तुम्ही आयुष्यभर इतिहास वाचता. सिंधुदुर्ग वरून दहा वेळा बघितलाय. एकदा खालून बघा." आम्ही रात्री द्वारकाहूनच पुणे रस्त्याला लागलो. कोल्हापूर, फोंडा घाट, कणकवली करत दुपारी मालवणला पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी रबरी सूट घालून बोटीत बसलेलो होतो आणि मनात म्हणत होतो, कुठून अवदसा आठवली.

पोहणं मला येतं. आमच्या पिढीतले बरेच नाशिककर शिकले तसं मीही गोदावरीतच शिकलो, पाठीला रिकामा डबा बांधून. पण नदीतला माणूस समुद्रात नवाच असतो. कमरेला शिशाचे तुकडे ओवलेला पट्टा, पाठीवर हवेची टाकी, नाक मास्कमध्ये बंद, आणि श्वास फक्त तोंडाने. मला खाली नेणारा पोरगा असेल पंचविशीचा. कोळ्याच्या घरातला, वडिलांची होडी अजून मासेमारीला जाते. माझा चेहरा बघून म्हणाला, "घाबरू नकात काका, काय एक होवचा नाय."

त्याने चार गोष्टी शिकवल्या. एक, श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दोन, कान दुखले की नाक दाबून हलकेच हवा ढकलायची. तीन, अंगठा आणि तर्जनीचा गोल केला की 'ठीक आहे'. चार, अंगठा वर केला की 'मला वर न्या'.

चौथी गोष्ट मी विसरलो. खाली गेलो, कानात टक् झालं, डोळ्यांसमोर पिवळट-तपकिरी प्रवाळ आले, अंगावर काळे पट्टे असलेल्या माशांचा थवा आला, आणि मी आनंदाच्या भरात त्याला अंगठा दाखवला. आपल्याकडे 'एकदम भारी' म्हणून दाखवतो तसा. त्याने दुसऱ्या क्षणी मला वर आणलं! बोटीवरचे सगळे हसले. पुतणीने त्याचा व्हिडिओ काढलाय, तो मी टाकणार नाही.

दुसऱ्यांदा उतरलो तेव्हा शहाणा झालो होतो. वीस फुटांवर गुडघे टेकले. स्वतःच्या श्वासाची घरघर सोडली तर आवाज नाही. वर पाहिलं तर बोटीचा तळ, आणि पलीकडे कुठेतरी महाराजांचा किल्ला. तो दिसत नव्हता, पण आहे हे माहीत होतं. तेव्हा जाणवलं, की आपण इतिहास म्हणतो तो जवळजवळ सगळा पाण्याच्या वरचा आहे. खाली जे आहे त्याला साक्षीदारच नाही.

आता थोडा इतिहास सांगतो, कारण पुढचा मुद्दा त्याच्यावर उभा आहे.

सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली 25 नोव्हेंबर 1664 ला, कुरटे बेटावर. पायात शिसं ओतलं असं सांगतात. माझ्या कमरेलाही शिसंच होतं, त्यामुळे ते मला फार जवळचं वाटलं. त्याच्या दोनच वर्षं आधी, 1662 साली, तिकडे इंग्लंडात रॉबर्ट बॉइलने हवेचा नियम मांडला होता: दाब दुप्पट केला की हवेचं आकारमान निम्मं होतं. समुद्रात दहा मीटर खाली गेलात की दाब बरोबर दुप्पट होतो. म्हणून तो पोरगा सांगत होता, श्वास रोखू नका. खाली घेतलेला श्वास रोखून माणूस वर आला तर तीच हवा छातीत फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. म्हणजे इकडे समुद्रात पाया घातला जात होता, आणि तिकडे समुद्राच्या तळाशी माणूस जिवंत कसा राहील याचं गणित कागदावर येत होतं. हे गणित वापरात यायला मात्र पुढे पावणेतीनशे वर्षं गेली.

तोवर पाण्याखाली जायचे ते पाणबुडे, एका दमात. मन्नारच्या आखातात मोती काढणारे, जपानमधल्या शिंपले काढणाऱ्या बायका, ग्रीसमधले स्पंज काढणारे. एकोणिसाव्या शतकात जड तांब्याच्या शिरस्त्राणाचा पोशाख आला, पण त्याला वरून नळी लागायची. माणूस नळीला बांधलेला. 1943 मध्ये फ्रान्समध्ये, तेही जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये, झाक कूस्तो हा नौदलातला अधिकारी आणि एमिल गान्यां हा इंजिनियर यांनी टाकीतली हवा गरजेपुरतीच आणि योग्य दाबाने सोडणारा पडदा तयार केला. नळी सुटली. 'स्कूबा' हे नाव नंतर अमेरिकेत पडलं. स्वतःची हवा स्वतःबरोबर नेणारं साधन, एवढाच त्याचा अर्थ.

याने इतिहासाचं काय झालं ते बघा.

1900 साली ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ स्पंज काढणाऱ्यांना एक प्राचीन बुडालेलं जहाज सापडलं. पुतळे वर काढले गेले, जगप्रसिद्ध झालेलं ते दातेरी चाकांचं यंत्रही त्यातलंच. पण विद्वान लोक बोटीवर बसून होते आणि खाली जात होते ते पाणबुडे. त्यातला एक मेला, दोन कायमचे पंगू झाले. कुठली वस्तू कुठे होती, कशाच्या खाली कशी पडली होती, याची नोंदच झाली नाही. कारण ज्याला नोंद कळत होती तो खाली नव्हता, आणि जो खाली होता त्याला फक्त वस्तू आणायला सांगितलं होतं.

हे बदललं 1960 मध्ये. तुर्कस्तानच्या गेलिडोनिया भूशिराजवळ सुमारे 3200 वर्षांपूर्वी बुडालेलं जहाज होतं. ठावठिकाणा कळला तो तिथल्याच स्पंज काढणाऱ्या लोकांकडून. जॉर्ज बास नावाचा तरुण अमेरिकन पुरातत्त्वज्ञ त्यासाठी आधी डायव्हिंग शिकला आणि स्वतः खाली उतरला. जमिनीवर करतात तसं मोजमाप, आराखडा, प्रत्येक वस्तूची जागा, सगळं समुद्रतळावर केलं. पाण्याखालचं पुरातत्त्व खऱ्या अर्थाने तिथून सुरू झालं असं मानतात.

मला यातलं मर्म एकच वाटतं. ज्याला कळतं त्याने स्वतः उतरून बघितलं, की दंतकथेचा इतिहास होतो. किंवा होत नाही. पण निदान आपल्याला कळतं तरी.

आता आमच्या नावाच्या त्या दुसऱ्या द्वारकेकडे या. यात मराठी माणसाचा वाटा आहे, तो आपल्याला फारसा माहीत नसतो.

तिथलं पहिलं शास्त्रीय उत्खनन 1963 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केलं, झैनुद्दीन अन्सारी आणि म. श्री. माटे यांनी, जमिनीवर, मंदिराजवळ. पुढे 1979-80 मध्ये लोथल खणणारे एस. आर. राव यांनी मंदिराच्या आवारात उत्खनन केलं. जुन्या मंदिरांचे थर निघाले, आणि त्यांना वाटलं की खरं उत्तर समुद्रात आहे. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी पुरातत्त्वाचं केंद्र उभं राहिलं आणि 1983 पासून द्वारकेच्या समुद्रात शोध सुरू झाला. पाणबुड्यांना घडीव दगड सापडले, भिंतींसारख्या रचना सापडल्या, आणि शंभराहून जास्त दगडी नांगर. त्रिकोणी दगड, त्याला तीन भोकं. वरचं गोल भोक दोर ओवायला, खालची दोन चौकोनी भोकं लाकडी खुंट्या ठोकायला. असे नांगर अरबी समुद्राच्या बंदरांत वापरत.

राव यांचं म्हणणं, ही महाभारतातली द्वारका. पण काम तिथे थांबलं नाही, हे महत्त्वाचं. त्याच संस्थेतले पुढचे संशोधक वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा उतरले, आणि त्यांनी मांडलं की यातले बरेच अवशेष आणि नांगर त्यामानाने अलीकडचे, ऐतिहासिक काळातले आहेत. म्हणजे द्वारका हे फार गजबजलेलं बंदर होतं. 2007 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा पाण्याखालचा विभाग तिथे उतरला. फेब्रुवारी 2025 मध्ये पाच जणांचा चमू परत उतरला, त्यात तीन बायका होत्या.

काही जणांना हे वाचून राग येतो. म्हणतात, श्रद्धेच्या ठिकाणी मोजपट्टी कशाला? मला उलट वाटतं. भाविकाची द्वारका त्याच्या भक्तीत आहे, तिला कुठल्याही तारखेने धक्का लागत नाही. पण खालच्या दगडांचंही काही म्हणणं असतं. शंभर नांगर म्हणजे त्या बंदरात नांगर टाकणारी शेकडो जहाजं, खलाशी, व्यापारी, हमाल. त्यांचं नाव कुठल्याच पुराणात नाही. त्यांच्यासाठी कुणीतरी खाली जायलाच हवं होतं.

परत मालवणला येऊ.

कोकणच्या पाण्याचा आपला अभिमान मोठा आहे. व्हायलाच हवा. विजयदुर्गापासून सुमारे 105 किलोमीटर पश्चिमेला, भर समुद्रात बुडालेलं एक पठार आहे. त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर, तिथे प्रवाळ आहेत. नकाशावर त्याचं नाव आहे आंग्रिया बँक, कान्होजी आंग्रे यांच्यावरून. आणि त्याच विजयदुर्गाच्या पाण्यावर फेब्रुवारी 1756 मध्ये तुळाजी आंग्रे यांचं आरमार जळालं. किल्ल्यावर चालून आलेल्यांत इंग्रज होते आणि त्यांच्या जोडीला पेशव्यांचं सैन्यही होतं. हा धडा आपण शाळेत घाईघाईने उरकतो.

आजचं घ्या. मालवणचा समुद्र 1987 मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाला. क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर, त्यातला 3.18 चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग आणि पद्मगडाच्या भोवती. मच्छीमारांनी विरोध केला, कारण त्यांना वाटलं आपली रोजीरोटी जाणार. त्यांना विश्वासात कोण घेणार हा प्रश्न तेव्हा होता आणि आजही आहे. पुढे पर्यटन महामंडळाने तारकर्लीला स्कूबा प्रशिक्षणाची संस्था उभी केली, किनाऱ्यावरची पोरं शिकली, आणि कोळ्याचा मुलगा नाशिकच्या मास्तराला हाताला धरून समुद्राचा तळ दाखवायला लागला. हा बदल मोठा आहे. जाळं टाकणाऱ्याला खाली काय आहे ते दिसायला लागलं. माझ्या त्या पोराने बोटीवर सांगितलं, "बाबा म्हणतत खडक, जाळा फाटता. माका आता दिसता, ता खडक नाय, जिवंत हा."

पण सगळं गोड नाही. मी खाली असताना बाजूच्या एकाने बाटलीत भिजवलेली बिस्किटं पिळली, की मासे फोटोत यावेत. एका नवख्याचा पाय प्रवाळावर पडताना मी बघितला. वर आल्यावर मला आठवलं, की माझ्याकडून सही घेतलेल्या फॉर्मवर दमा आहे का, रक्तदाब आहे का असं विचारलं होतं, आणि मी ते वाचायच्या आत फॉर्म परत घेतला होता. 24 मे 2022 ला तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. त्यानंतर लाइफ जॅकेट, परवाने, बोटीत किती माणसं, यावर खूप बोललं गेलं. आता तुम्ही जाल तेव्हा जॅकेट मागून घ्या, ते अंगात घाला, आणि फॉर्म वाचायला दोन मिनिटं मागा. लाज वाटू देऊ नका. मला वाटली, तेच चुकलं.

आणि पाण्याच्या वर काय चालतं? 4 डिसेंबर 2023 ला नौदल दिन सिंधुदुर्गात झाला, राजकोट किल्ल्यावर महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. 26 ऑगस्ट 2024 ला तो पुतळा कोसळला. मग नवा, आणखी उंच उभा राहिला. यावर किती पोस्टी पडल्या ते तुम्ही बघितलं, त्यातल्या काही माझ्याही होत्या. पण त्याच किनाऱ्यावर पाण्याखालच्या प्रवाळांवर मी आजवर एक ओळ लिहिली नव्हती. कारण ते दिसत नाहीत. जे दिसतं त्याच्यावर राजकारण होतं, जे दिसत नाही त्याच्यावर काहीच होत नाही.

एक चांगलं पाऊल मात्र नोंदवतो. नौदलातून जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झालेली 'आयएनएस गुलदार' ही नौका निवती रॉकजवळ समुद्रतळावर ठेवायची, तिथे पाण्याखालचं संग्रहालय आणि माशांना, प्रवाळांना आसरा करायचा, असा प्रकल्प राज्याने हाती घेतला. 2025 मध्ये नौका पर्यटन महामंडळाकडे आली. कल्पना उत्तम आहे. फक्त एक वाटतं. नवं काही खाली ठेवताना खाली आधीपासून काय आहे त्याचीही तेवढीच काळजी घेतली, तर बरं.

आता घरी येतो. खरा विषय हा आहे.

लहानपणी वडील मला गोदावरीवर न्यायचे. ते सांगायचे, "इथे नदी म्हणजे नुसतं वाहतं पाणी नाही. खाली कुंडं आहेत, एकापुढे एक. प्रत्येकाची खोली वेगळी, पायऱ्या वेगळ्या." रामकुंड, लक्ष्मणकुंड, धनुष्यकुंड, सीताकुंड, नावं तुम्हाला ठाऊक आहेत. रामकुंडाचं बांधकाम 1696 मध्ये खटावच्या चित्ररावांनी केलं अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. आम्ही पोरं नाणी काढायला बुडी मारायचो. एका दमात, मन्नारच्या पाणबुड्यांसारखी! डोळे उघडले तरी पाणी हिरवं, पण हाताला पायरीचा दगड लागायचा. गुळगुळीत, कडा झिजलेला. एका पायरीला कसलीशी खोबण होती, ती मला आजही बोटांत आठवते.

नंतर गोदापात्रात काँक्रीट पडलं. सिंहस्थाची गर्दी, स्वच्छतेची सोय, भाविकाचा पाय घसरू नये, अशी त्याची कारणं होती. टाकणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण कुंडांचे तळ आणि पायऱ्या त्याखाली गेल्या. जुनी माणसं सांगतात की कुंडांना जिवंत झरे होते, तेही बुजले. काही नाशिककर जुने नकाशे, जुने फोटो घेऊन वर्षानुवर्षं भांडले, उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अशी सतरा प्राचीन कुंडं आहेत. त्या लढ्यामुळे काही ठिकाणचं काँक्रीट काढलंही गेलं. त्यांना माझा नमस्कार. मी तेव्हा त्यांच्याबरोबर नव्हतो. 'हे नेहमीचं चाललंय' म्हणून मी पेपरचं पान उलटत होतो, हे इथे कबूल करतो.

काही वर्षांपूर्वी वडिलांच्या अस्थी घेऊन मी रामकुंडात उतरलो. गुरुजींनी सांगितलं तसं सगळं केलं. पाय टेकले ते सपाट, खरबरीत काँक्रीटवर. ज्या माणसाने मला 'खाली कुंड आहे' असं सांगितलं, त्याच्या अस्थी सोडताना मला ते कुंड पायाला लागलं नाही. त्या दिवशी मला याचं नीट काही वाटलं नव्हतं. वाटलं ते मालवणला, वीस फूट खाली गुडघे टेकले तेव्हा. तिथे परक्या समुद्राचा तळ मला हाताने चाचपता आला, आणि स्वतःच्या नदीचा तळ काही मी माझ्या मुलीला दाखवू शकत नाही.

आणि नाशिकला हे नवीन आहे का? 1950-51 मध्ये याच डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया यांनी जुन्या नाशकातल्या गोदाकाठच्या मातीच्या गढीत उत्खनन केलं. या गावात माणूस किती जुन्या काळापासून राहतो, ते थरांवरून दाखवलं. त्याचा अहवाल 1955 मध्ये छापून आला, आजही अभ्यासक तो उघडतात. म्हणजे काठावरच्या मातीत काय आहे ते सत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी खणून, मोजून, छापून ठेवलं. काठापासून हाकेच्या अंतरावर पात्रात काय आहे, त्याचं तसं छापलेलं पुस्तक माझ्या कपाटात नाही. आहे ते पूर मोजण्याचं ज्ञान. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं, सरकारवाड्याच्या कितव्या पायरीला लागलं, हे आपलं पोरगंही सांगतं. वर चढणारं पाणी आपण पिढ्यान्‌पिढ्या मोजलं. पाण्याखाली काय आहे ते मोजायचं राहिलं.

आता 2027 चा सिंहस्थ आलाय. घाट होणार, रस्ते होणार, पात्रात यंत्रं उतरणार. व्हायलाच हवं, लोक येणार आहेत, त्यांची सुरक्षितता सगळ्यात आधी. 27 ऑगस्ट 2003 ची चेंगराचेंगरी या गावाने बघितलेली आहे, 39 माणसं गेली. तेव्हा कुणी 'जुने दगड की माणसांचे जीव' असा प्रश्न टाकला तर मी जीवच म्हणेन. पण प्रश्न असा नाहीच. नोंद केल्याने कुणाचा जीव जात नाही.

माझं मागणं साधं आहे. वरून पाणी बंद करून कुंडं साफसफाईला रिकामी करतात, तेव्हा पुरातत्त्वाची जाण असलेली माणसं आत उतरू द्या. प्रत्येक कुंडाचं मोजमाप, फोटो, आराखडा. कुठे मूळ दगड दिसतो, कुठे काँक्रीट आहे, किती जाडीचं आहे. पाण्यातल्या कामाचा प्रत्येक आराखडा मंजूर होण्याआधी ही नोंद त्याला जोडलेली असावी, आणि ती महापालिकेच्या वेबसाइटवर मराठीत, कुणालाही बघता येईल अशी ठेवावी. खर्च म्हणाल तर एका घाटाच्या फरशीइतकाही येणार नाही. ज्यांच्याकडे जुने फोटो आहेत, ज्यांना पायऱ्या आठवतात, अशी ऐंशीच्या घरातली माणसं अजून पंचवटीत आहेत. स्पंज काढणाऱ्यांनी दाखवलं म्हणून बासला जहाज सापडलं, हे विसरू नका. आधी त्यांना विचारा.

द्वारकेच्या समुद्रात जायला बोट लागते, टाकी लागते, लाटा थांबायची वाट बघावी लागते. तरी माणसं चाळीस वर्षं उतरतायत, एकमेकांचं म्हणणं खोडतायत, पुन्हा उतरतायत. आपल्या रामकुंडाला टाकी लागत नाही, शिशाचा पट्टा लागत नाही. धरणातून पाणी थांबलं की पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेऊन उतरता येतं.

तुमच्यापैकी कुणाकडे काँक्रीटच्या आधीच्या गोदापात्राचे फोटो असतील, लग्नाच्या अल्बममध्ये, मुंजीच्या, दशक्रियेच्या, कसलेही, तर कमेंटमध्ये टाका. साल आठवत असेल तर साल लिहा. मागे पायरी दिसत असेल, ओवरी दिसत असेल, तर तेवढंही पुरे. मी ते कुंडांप्रमाणे लावतो आणि लेखी अर्जाला जोडून पुढच्या महिन्यात महापालिकेत देतो. पोच मिळाली की तिचाही फोटो इथेच टाकीन.

पहिला फोटो मीच खाली टाकलाय. वडील आणि मी, मी सहा वर्षांचा, पाठीला डबा बांधलेला. मागे डाव्या हाताला तीन पायऱ्या दिसतात. त्या नेमक्या कुठल्या कुंडाच्या, ते कुणी ओळखलं तर सांगा.